लाकूड निवडताना नावाआधी काय बघावं

"चांगलं लाकूड कोणतं?" याला "साग" हे उत्तर तयारच असतं. साग चांगला आहे, वादच नाही. पण हातोडीला सागाचा दांडा बसवला तर धक्के सोसण्यात तो बाभळीपुढे टिकत नाही. गिटारची पुढची फळी सागाची केली तर वाद्य जड आणि दबक्या आवाजाचं होतं. आणि सागाच्याच फळीतला सालीलगतचा पांढरा पट्टा पावसात राहिला तर खोक्याच्या लाकडासारखाच लवकर कुजतो. झाडाचं नाव कळलं म्हणजे चौकशीला सुरुवात झाली, इतकंच. फळी ओंडक्याच्या कुठल्या भागातली आहे, कशी चिरली आहे, किती वाळली आहे आणि शेवटी कुठे बसणार आहे, हे माहीत नसेल तर नुसत्या नावावर पैसे टाकू नयेत.

हार्डवुड म्हणजे कठीण नव्हे

रुंद पानांच्या झाडांचं ते हार्डवुड आणि सूचिपर्णी झाडांचं ते सॉफ्टवुड, ही वाटणी वनस्पतिशास्त्राची आहे, कठीणपणाची नाही. बाल्सा हार्डवुडात मोडतो, पण त्याचं वजन घनमीटरला साधारण 150 किलो भरतं आणि त्यात नख सहज रुततं. यू हे झाड सूचिपर्णी, म्हणजे सॉफ्टवुड, पण कठीणपणात ते ओकला हार जात नाही. खरा फरक पेशींत आहे. सूचिपर्णी झाडांत आधार देण्याचं आणि पाणी वाहण्याचं काम एकाच प्रकारच्या लांबट पेशी करतात. रुंद पानांच्या झाडांत पाण्यासाठी वेगळ्या नळ्या असतात. फळीचं टोक धारदार पात्यानं स्वच्छ कापलं आणि दहापट भिंगातून पाहिलं की त्या नळ्या बारीक छिद्रांसारख्या दिसतात.

ही छिद्रं फक्त ओळख पटवायच्या कामाची नाहीत. ओक, ॲश आणि बऱ्याच अंशी साग यांच्यात हंगामाच्या सुरुवातीला वाढलेल्या पट्ट्यात मोठी छिद्रं एका रांगेत येतात. त्यामुळे आरशासारखं पॉलिश हवं असेल तर आधी फिलर, म्हणजे छिद्रं बुजवणारा लेप, भरावा लागतो. मेपल, बीच, बर्च यांच्यात छिद्रं बारीक आणि सगळीकडे सारखी पसरलेली असतात, तिथे फिलरची गरज पडत नाही. पण मेपल, बर्च आणि पाइन यांना गडद डाय, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, लावला की तो ठिकठिकाणी डागाळतो. आधी पातळ शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, एक हात दिला तर डाग कमी पडतात. पाइनमध्ये राळेच्या नळ्या असतात. गाठीवर थेट रंग दिला तर काही महिन्यांत राळ वर येऊन पिवळा ठिपका उमटतो, म्हणून गाठींवर रंगाआधी शेलॅकचे दोन हात द्यावेत.

वाढीच्या वर्तुळांबद्दल एक समज सरसकट चुकीचा पसरला आहे: वर्तुळं जितकी दाट तितकं लाकूड मजबूत. सूचिपर्णी लाकडाला हे बहुतेक वेळा लागू पडतं. ओक आणि ॲशमध्ये उलटं आहे. सुरुवातीच्या छिद्रांच्या पट्ट्याची रुंदी दरवर्षी जवळपास तेवढीच असते आणि भरघोस वाढीच्या वर्षात त्यानंतरचा घट्ट भाग रुंद होतो. फार सावकाश वाढलेला ॲश म्हणजे छिद्रांचीच थप्पी. असा दांडा हलका लागतो, पण मोडतोही लवकर.

कठीणपणा मोजायला जांका चाचणी वापरतात. 11.28 मिमी व्यासाची पोलादी गोळी अर्धी रुतवायला किती जोर लागतो, ते मोजायचं. पौंडांत सांगायचं तर ईस्टर्न व्हाइट पाइन साधारण 380, साग हजाराच्या थोडा वर, व्हाइट ओक 1,350, हार्ड मेपल 1,450, इपे 3,500 च्या आसपास आणि लिग्नम व्हाइटी 4,000 च्या पुढे. जमिनीच्या फळ्या आणि जिने यांच्यासाठी हा आकडा खरा उपयोगी. टिकाऊपणाशी त्याचा संबंध नाही. बीच सागापेक्षा कठीण आहे, पण उघड्यावर दोन-चार वर्षांत कुजतो. वेस्टर्न रेड सीडर नखानं ओरखडतो, पण त्याच्या गाभ्याची छपराची कौलं वर्षानुवर्षं टिकतात.

गाभा आणि पांढरं

जिवंत झाडात सालीलगतचा फिकट भाग पाणी वाहतो आणि पिष्ट साठवतो. आतला गाभा मेलेल्या पेशींचा असतो. मरताना त्या पेशींत राळ, टॅनिन (तुरट द्रव्य), तेलं असली द्रव्यं साचतात. गाभ्याचा रंग, वास आणि कुजण्याला होणारा विरोध, सगळं त्यातून येतं. म्हणून टिकाऊपणाचा कुठलाही दावा फक्त गाभ्यापुरता खरा. 50 × 50 मिमीच्या गाभ्याच्या खुंट्या जमिनीत पुरून त्यावरून जुनी वर्गवारी ठरली आहे: 25 वर्षांहून जास्त टिकलं तर अतिटिकाऊ, 15 ते 25 टिकाऊ, 10 ते 15 मध्यम, 5 ते 10 कमी टिकाऊ आणि त्याखाली नाशवंत. जुन्या सागाचा गाभा पहिल्या वर्गात येतो. पांढरा भाग, मग तो कुठल्याही झाडाचा असो, तळाच्या दोन वर्गांतच धरायचा.

लागवडीतला कोवळा साग आणि जुना साग यांच्यातला फरक इथेच आहे. कोवळ्या ओंडक्यात पांढऱ्याचा वाटा मोठा असतो आणि गाभ्यातही तेलकट द्रव्यं कमी मुरलेली असतात. फळी सागाचीच असते, विकणारा खोटं बोलत नसतो, पण चौकटीच्या तळाला ती टिकत नाही. फळी घेताना दोन्ही टोकं बघावीत. वरच्या बाजूला पूर्ण तपकिरी दिसणारी फळी खालून तीन बोटं पांढरी निघते. पॉलिश केलेल्या मालात हे डायखाली लपतं, तेव्हा खणाच्या आतली किंवा पाटाच्या खालची न रंगवलेली बाजू पाहावी.

फळीखाली टाल्कम पावडरीसारखा बारीक भुगा आणि 1 ते 2 मिमीची गोल भोकं दिसली की समजावं, घुण लागला. या किड्याला पांढऱ्या भागातलं पिष्ट हवं असतं आणि अंडी घालायला मोठी छिद्रं. म्हणून तो रुंद पानांच्या झाडांचा पांढरा भाग धरतो आणि पाइनच्या वाट्याला जात नाही. आंबा आणि रबरवुड हे त्याचे आवडते. रबरवुड चिरल्यावर लगेच, निळी बुरशी धरायच्या आत, बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात मुरवावं लागतं. वाळल्यावर वरून ब्रश फिरवून आतपर्यंत काही पोचत नाही. बोरॉन पाण्यात विरघळतं, त्यामुळे हा उपचार घरातल्या फर्निचरला पुरतो, पावसात धुऊन जातो.

दाबाखाली औषध भरण्याचं गणितही याच्याशी जोडलेलं आहे. गाभा औषध पीत नाही, पांढरं पितं. त्यामुळे बाहेरच्या कामात पाइनचा नुसता पांढरा भाग औषध भरून वापरणं अगदी शहाणपणाचं असतं, फक्त कापल्यावर उघडी पडलेली टोकं पुन्हा औषधानं भिजवायची. स्प्रूस दिसायला पाइनसारखाच, पण वाळताना त्याच्या पेशींमधल्या झडपा बंद होतात आणि औषध पृष्ठभागाशीच अडतं.

ओल

सगळ्यात जास्त काम बिघडतं ते इथे. लाकडातली ओल कोरड्या वजनाच्या टक्केवारीत सांगतात. फळीच्या टोकापासून निदान 300 मिमी आतून, पूर्ण रुंदीचा, 20-25 मिमी जाडीचा तुकडा कापा आणि वजन करा. मग 103 अंश सेल्सियसला वजन कमी होणं थांबेपर्यंत भट्टीत ठेवा. आधी 58 ग्रॅम आणि नंतर 50 ग्रॅम भरला, तर गेलेलं पाणी 8 ग्रॅम, म्हणजे 50 च्या हिशेबानं ओल 16 टक्के. ताज्या कापलेल्या हलक्या लाकडात हा आकडा शंभरच्याही वर जातो, त्यात चूक काही नाही.

हिरवं लाकूड वाळताना आधी पेशींच्या पोकळीतलं मोकळं पाणी जातं. तोवर लाकूड हलकं होतं, आकार बदलत नाही. साधारण 28-30 टक्क्यांखाली पेशींच्या भिंतींतलं पाणी निघू लागतं आणि मग आकसणं सुरू होतं. धाग्याच्या लांबीत ते नगण्य, 0.1-0.2 टक्के. गाभ्यापासून सालीच्या दिशेनं त्याहून पुष्कळ जास्त. वर्तुळांच्या कडेकडेनं त्याच्याही जवळपास दुप्पट. दोन दिशांतला हा फरक हेच फळी वाकण्याचं, चौकोनी खांब शंकरपाळ्यासारखा तिरका होण्याचं आणि ओंडक्याला गाभ्यापर्यंत चीर जाण्याचं कारण आहे.

वाळलं म्हणून लाकूड थांबत नाही. हवेत दमटपणा 30 टक्के असेल तर ते 6 टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतं, 65 टक्के असेल तर 12, आणि 90 टक्के असेल तर 20. पॉलिशनं हा बदल मंदावतो, बंद होत नाही.

आता आकडे घालून बघू. हिरव्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत बीच वर्तुळांच्या दिशेनं सुमारे 11.8 टक्के आकसतो, साग सुमारे 5.5 टक्के. आकसणं 30 टक्क्यांखाली सुरू होतं, म्हणून याला 30 नं भागलं की ओलीच्या दर एक टक्क्यामागचा बदल मिळतो. 400 मिमी रुंद पाट, ऋतूंमध्ये ओल 8 वरून 12 टक्क्यांवर गेली, तर बीचचा पाट 6 मिमीहून जास्त फुगेल आणि सागाचा 3 मिमी. पण तोच बीच क्वार्टर सॉन कापाचा, म्हणजे वर्तुळं फळीच्या तोंडाला काटकोनात येतील असा चिरलेला, घेतला तर हिशेब 5.7 टक्क्यांनी करायचा, आणि बदल येतो 3 मिमी. कापाची दिशा बदलून बीच इथे सागाच्या पंक्तीला बसला. हे गणित टेबलाचं झाकण, दाराचं पॅनल, खणाचा तळ, सगळ्यांना तसंच लागू होतं आणि दोन मिनिटांत होतं. न करण्याला सबब नाही.

यावरूनच ठरतं की रुंद पाट खालच्या आडव्या पट्टीला सरसानं चिकटवायचा नाही. पट्टी लांबीत हलणार नाही, पाट रुंदीत हलणारच, आणि मधल्या मध्ये पाटाला चीर पडणार. पट्टीच्या मधलं भोक गोल ठेवावं, कडेची भोकं पाटाच्या रुंदीच्या दिशेनं लांबट करावीत, स्क्रू वॉशरसकट लावावा आणि करकचून आवळू नये. पॅनलच्या खोबणीत सरस घालायचा नाही. कोरड्या ऋतूत पॅनल बसवत असाल तर फुगायला जागा सोडा, दमट ऋतूत बसवत असाल तर पॅनल खोबणीत खोल जाऊ द्या, नाहीतर आकसल्यावर कड बाहेर दिसते.

हवेत वाळवायची ढोबळ रीत 25 मिमी जाडीला एक वर्ष अशी सांगतात. हवामानानुसार ती बरीच मागेपुढे होते. मांडणी मात्र नेटकी हवी. थप्पी जमिनीपासून 300-450 मिमी वर, खाली सपाट आधार, फळ्यांमध्ये 25 × 25 मिमीच्या कोरड्या पट्ट्या, दर 400-600 मिमीवर, आणि वरपासून खालपर्यंत एका ओळंब्यात. पट्टी ओळंब्यातून सरकली की वरचं वजन खालच्या फळीला कायमचा बाक देतं. वर वजन आणि छप्पर हवं, बाजू वाऱ्याला मोकळ्या. टोकांना पहिल्याच दिवशी मेण किंवा जाड रंग फासावा, कारण टोकाकडून पाणी बाजूंच्या दहा-पंधरापट वेगानं उडतं. आठवड्यानं फासलेल्या रंगाखाली चिरा आधीच पडून गेलेल्या असतात.

उघड्या हवेत लाकूड बहुतेक ठिकाणी 15-18 टक्क्यांवर अडतं. घरातल्या फर्निचरला 8 ते 12 लागतं, म्हणून रंधा मारण्याआधी फळ्या ज्या प्रकारच्या खोलीत वस्तू राहणार तशा खोलीत काही आठवडे पट्ट्या घालून रचाव्यात. एक फळी बाजूला काढून आठवड्याला वजन करा. दोन-तीन वेळा वजन तेच आलं की काम सुरू करा.

भट्टीत घाई झाली तर वरचा थर आधी सुकून ताठतो आणि आतला नंतर आकसताना ताण अडकून राहतो. अशी फळी उभी चिरताना फट मिटते आणि पातं आवळलं जातं. गोल करवतीवर हा प्रकार धोकादायक आहे. तपासायची युक्ती सोपी: फळीचा आडवा तुकडा कापून त्याचा मधला भाग काढून टाकायचा, म्हणजे दोन शिंगं उरतात. ती आत वळली तर ताण आहे. युकॅलिप्टससारख्या लाकडात घाईनं पेशीच कोसळतात आणि पृष्ठभागावर धुण्याच्या फळकुटासारख्या लाटा येतात.

मॉइश्चर मीटरच्या आकड्यावर आंधळा विश्वास नको. पिनांचा मीटर पिनांच्या टोकापुरतं सांगतो. जाड फळी आतून ओली असून वर 11 टक्के दाखवते. ताज्या कापाच्या मध्यावर पिना टोचा आणि लाकडाच्या जातीप्रमाणे दुरुस्तीचा तक्ता वापरा.

काप आणि रेषा

ओंडका सरळ एकामागे एक चिरत गेलं की मिळतात त्या फ्लॅट सॉन फळ्या: कमानींची सुंदर नक्षी, कमी वाया, पण बाक जास्त. वाळताना सालीकडची बाजू खोलगट होते. फळीच्या टोकावर वर्तुळं दिसतात, तेव्हा बाक कुठे येणार हे आधीच सांगता येतं. वर्तुळं फळीच्या तोंडाला साधारण काटकोनात येतील असं चिरलं तर क्वार्टर सॉन: वाया जास्त, रुंदी कमी, स्थिरता उत्तम, आणि ओकमध्ये किरणांचे चमकते पट्टे फुकटात. जमिनीच्या फळ्या, खणांच्या बाजू, वाद्यांची तोंडं यांना हाच काप. गाभ्याचा केंद्रबिंदू आत असलेली फळी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, ती चिरणारच.

रेषा तिरकी गेली की ताकद किती घटते याची कल्पना फार जणांना नसते. धागा दहाला एक इतका तिरका असेल तर वाकण्यातली ताकद सुमारे 81 टक्के उरते. पाचाला एक असेल तर 55 टक्के. दांडा, शिडीची पायरी, खुर्चीचा मागचा पाय यांसाठी सरळ रेषेचं पाइन तिरक्या रेषेच्या ओकपेक्षा भरवशाचं. गाठ तुळईच्या मध्यावर खालच्या कडेला आली तर ती फळी उलटी करा किंवा बाजूला ठेवा. तीच गाठ मधल्या उंचीवर फारसा त्रास देत नाही.

कपाटाच्या फळीबद्दल अजून एक हिशेब. पाइनचा ताठपणा साधारण 10 गिगापास्कल (ताठपणा मोजायचं एकक), सागाचा 12, बीचचा 14. म्हणजे पाइनऐवजी साग घेतला तर फळी जेमतेम 17 टक्के कमी वाकेल अशी अपेक्षा ठेवायची. जाडी मात्र घनात, म्हणजे तीनदा गुणून, मोजली जाते: तीच पाइनची फळी 20 ऐवजी 25 मिमी घेतली तर ताठपणा जवळजवळ दुप्पट. पुस्तकांनी फळी वाकते म्हणून महाग लाकूड घेणारे बरेच भेटतात. जाडी वाढवा, किंवा आधार जवळ आणा, किंवा पुढच्या कडेला 40 मिमीची उभी पट्टी लावा.

कुठे काय

ऊन-पाऊस खाणाऱ्या कामात सागाचा गाभा, इरोको, इपे, व्हाइट ओक, देवदार, वेस्टर्न रेड सीडर. साल वजनदार आणि ताकदवान, चौकटी, पूल, रेल्वेचे स्लीपर यांसाठी नावाजलेला, पण वाळताना चिरतो आणि रंध्याला कटकट देतो, बारीक फर्निचरला घेऊ नये. रेड ओक व्हाइट ओकसारखाच दिसतो पण बाहेर चालत नाही. व्हाइट ओकच्या नळ्या गाभ्यात फुग्यांसारख्या वाढींनी बुजलेल्या असतात, म्हणून त्याची पिंपं गळत नाहीत. रेड ओकच्या नळ्या मोकळ्या. लहान तुकड्याचं एक टोक पाण्यात बुडवून दुसरीकडून फुंकलं तर बुडबुडे येतात. यापेक्षा सोपी परीक्षा नाही.

घरातल्या फर्निचरला निवड मोठी आहे आणि इथे चव ज्याची त्याची. महोगनी अतिशय स्थिर आणि रंध्याखाली लोण्यासारखी. अक्रोड रंगासाठी. शिसव जड, गडद, चकचकीत पॉलिश घेणारं. शिसू त्याचाच भाऊबंद, थोडा फिका. फणस पिवळाधमक निघतो आणि उजेडात तपकिरी होतो. शिवण हलकं आणि न वाकणारं, कोरीवकामाला आणि ढोलक्यांना. आंब्याला लोक उगाच नाक मुरडतात. औषध नीट मुरवलेला, वाळवलेला आंबा टेबल-खुर्चीला उत्तम चालतो, फक्त पावसात नको. देवदाराच्या पेटीत कपडे ठेवा, पण त्यावर गुळगुळीत पॉलिशचा आग्रह धरू नका, तेल वर येऊन थर चिकट राहतो.

धक्क्याची कामं वेगळीच. कुऱ्हाड, हातोडी, कुदळ यांच्या दांड्यांना हिकरी, ॲश, बाभूळ. हॉकी स्टिकला तुती, क्रिकेटच्या बॅटीला विलो, कारण ती हलकी आहे आणि दाबून तिचं तोंड घट्ट करता येतं. वाफेवर वाकवायला ॲश, ओक, बीच, तुती: 25 मिमी जाडीला तासभर वाफ, लाकूड हवेत वाळलेलं, 20-25 टक्के ओलीचं. भट्टीत खडखडीत वाळवलेली फळी वाकवायला घेतली तर बाहेरच्या कडेनं तडकते.

सुरीखालच्या पाटाला मेपल, बीच. बारीक छिद्रं, वास नाही, चव नाही. सागाच्या पाटात सिलिका असते, सुरीची धार जाते. रंध्याची पाती आणि करवतीचे दातही त्यानंच लवकर बोथट होतात, सागाला कार्बाइडच्या दातांचं पातं घ्यावं. वाद्यांच्या तोंडाला स्प्रूस, कारण वजनाच्या मानानं इतका ताठ दुसरा कुणी नाही. फिंगरबोर्डला एबनी. लिग्नम व्हाइटी पाण्यात बुडते आणि स्वतःच्या तेलकटपणावर घासण सोसते, म्हणून जहाजांच्या पंख्याच्या दांड्याखाली बेअरिंग म्हणून ती वापरली गेली. बाल्सा विमानांच्या मॉडेलांत आणि पवनचक्कीच्या पात्यांच्या पोटात.

सरस, स्क्रू, लोखंड

सागाचा सांधा सुटला की सरसाला दोष देतात. तेलकट थर पृष्ठभागावर येत असतो, तेव्हा ताजा रंधा मारून, ॲसिटोननं पुसून, तो उडाल्या उडाल्या सरस लावावा. सकाळी रंधा आणि संध्याकाळी सरस चालत नाही.

स्क्रूसाठी आधी भोक पाडा: स्क्रूच्या आट्यांमधल्या दांड्याच्या व्यासाच्या मऊ लाकडात 70 टक्के, कठीण लाकडात 90 टक्के. पितळी स्क्रू ओकमध्ये थेट फिरवला तर डोकं तुटून हातात येतं. आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू आत-बाहेर करून आटे पाडा, मेण लावा, मग पितळी बसवा. ओकमधलं टॅनिन लोखंड आणि पाणी एकत्र आले की निळा-काळा डाग पाडतं. स्टील वूल घासून वर पाण्यावर आधारलेलं पॉलिश लावलं की दुसऱ्या दिवशी सगळीकडे काळे ठिपके. ओक आणि वेस्टर्न रेड सीडरला बाहेर स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू लावावेत. मेरबाऊच्या फळ्यांतून पहिल्या पावसांत तपकिरी रंग गळतो, खाली फिकी फरशी असेल तर आधी दोन-चारदा धुऊन घ्या.

घेताना

व्यापारी नावं फसवी असतात. फिलिपाइन महोगनी म्हणजे महोगनी नव्हे, ते शोरिया प्रजातीतलं लाकूड. आफ्रिकन महोगनी हे खाया, निदान नात्यातलं. आफ्रिकन टीक म्हणून इरोको किंवा आफ्रोर्मोसिया देतात. लाकडं चांगलीच आहेत, साग नाहीत. शास्त्रीय नाव लिहून मागा. शिसव-शिसूच्या डालबर्जिया प्रजातीतली सगळी झाडं 2017 पासून साइट्स या, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहेत, तेव्हा सीमेपलीकडून आणताना किंवा पाठवताना कागद तपासा.

चिरलेल्या मालाचं माप: फुटांत लांबी × इंचांत रुंदी × इंचांत जाडी, भागिले 144, म्हणजे घनफूट. 8 फूट, 10 इंच, दीड इंच फळी झाली 0.83 घनफूट. ओंडका घेराच्या चौथाईचा वर्ग गुणिले लांबी या रीतीनं मोजला तर खऱ्या घनफळाच्या 78.5 टक्केच भरतो. ही चोरी नाही, चिरताना वाया जाणाऱ्याची ती सूट आहे, पण कुठल्या रीतीनं भाव बोललाय ते आधी ठरवा. खरबरीत 25 मिमी फळी दोन्ही बाजूंनी रंधून 20-22 मिमी उरते. गाठी, टोकांच्या चिरा, बाक धरून 20-30 टक्के जास्त घ्या.

पॅलेटचं, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटीचं, लाकूड वापरणार असाल तर शिक्का बघा. एचटी म्हणजे आतपर्यंत 56 अंशांना 30 मिनिटं तापवलेलं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते परत ठेवा.

भुस्सा साधा समजू नका. लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून जागतिक पातळीवर पहिल्या गटात नोंदलेली आहे, आणि वेस्टर्न रेड सीडरच्या धुळीनं दमा जडतो. सँडिंगला एफएफपी2 दर्जाचा, बारीक धूळ अडवणारा मास्क आणि धूळ ओढणारं यंत्र हवंच. जवसाच्या तेलानं भिजलेले बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकले तर आपोआप पेट घेतात. ते उलगडून बाहेर वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून ठेवा. आणि हिरवट झाक असलेले, औषध भरलेले तुकडे चुलीत किंवा शेकोटीत कधीच नाहीत. जुन्या मालात तांब्याबरोबर क्रोमियम आणि आर्सेनिक असतं आणि आर्सेनिकचा मोठा भाग राखेत उरतो.